मावशीचं चहापाणी

सलाम, मावशी.

हे तुला मी पहिल्यांदाच म्हणतोय. तू रोज सकाळी दार उघडताना म्हणायचीस आणि मी नुसती मान हलवायचो, नाहीतर "हो" म्हणायचो. सलामला "हो" म्हणणारा अख्ख्या अकोल्यात मी एकटाच असेन.

आपली सुरुवातच चुकीनं झाली होती. निर्मला वहिनीच्या भाजीच्या गाडीसोबत मी गावाहून नवा नवा जठारपेठेत आलो होतो. वहिनी आमच्याच गावची, तिची गाडी तुझ्या दारासमोर लागायची. पहिल्याच आठवड्यात तुझ्याकडे पाळकसाहेब आले. तू सलाम म्हणालीस, ते सलाम म्हणाले, आणि मी मनात पक्कं केलं की ही बाई मुसलमान आहे. पाळक म्हणजे चर्चचे, आणि ख्रिस्ती लोकही भेटताना सलामच म्हणतात, हे मला कुठे माहीत. पुढे ईद आली. मी हातपाय धुतले, केस पाण्यानं बसवले आणि तुझ्या दारात जाऊन म्हणालो, "ईद मुबारक, मावशी."

तू शिलाई मशीन थांबवलीस. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलंस.

"तुलेई मुबारक," म्हणालीस. "पण शिरखुर्मा पलीकडच्या गल्लीत भेटन. माह्याकडे नाताळाले येजो."

नाताळाला आलो तर ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळे. मी म्हणालो, "हे तर दिवाळीच झाली." तू म्हणालीस, "फराळाले जात नसते गा. खाय."

हे मी मस्कतहून लिहितोय. पाळकसाहेबांनी मंडळीच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, मासिकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलं. मी म्हणालो, साहेब, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, माझ्याकडून काय होणार. ते म्हणाले, जन्म, शिक्षण, सेवा हे सगळं आम्ही टाकू, तू तुझं लिही. म्हणून माझं लिहितोय. लिहितानाही भीती वाटतेच. तुला माहीत आहे, फोन वाजला तरी मला वाटतं काहीतरी वाईटच असणार. त्या दिवशी तसंच होतं, एवढंच.

रविवारी तू उपासनेला चालत निघालीस. रस्त्यात चक्कर आली, पडलीस, डोक्याला लागलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तू गेलेली होतीस. रस्त्यावर गेलेलं माणूस म्हणून पोलीस आले, पोलीस आले म्हणून पोस्टमार्टम आलं. दुसऱ्या दिवशी तुला अमरावतीला न्यायचं होतं, तुझ्या नवऱ्याच्या, काकांच्या कबरीशेजारी. तिकडच्या मंडळीनं कबर खोदून ठेवली होती. दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं. दुपारी इथे शिंप्याच्या दुकानात मी एका झग्याचा गळा कापत होतो आणि वहिनीचा फोन आला.

"गजू, मावशीले सोडून नाही राहिले."

"म्हणजे?"

"नावात फरक हाय म्हनते. मंडळीच्या दाखल्यावर सुवार्ता, रेशनकार्डावर सुवर्णा. तो टेबलावरचा बाबू म्हनते, दुरुस्ती आत्ता होऊन जाईन. पण चायपानी लागन."

मावशी, तो शब्द ऐकला आणि मी कात्री खाली ठेवली.

वहिनी म्हणाली, "तू पाठवतं काय फोनवरून? लवकर पाठव. गाडीवाला ओरडून राहिला." मग पाळकसाहेबांनी फोन घेतला. त्यांचा आवाज फार थकलेला होता. म्हणाले, "गजानन, मला विचारशील तर देऊन मोकळं व्हावं. तिचे हाल नकोत. पण ती तुला पोरगा म्हणायची. तू सांग."

पैसे पाठवायला फोनवर अंगठा ठेवला की काम होतं. माझा अंगठा तिथेच होता. जिनं आयुष्यभर कोणाला लाच दिली नाही, तिच्या नावानं पहिली लाच तिच्या मढ्यासाठी मी द्यायची का, हे मला त्या अंगठ्यानं ठरवायचं होतं. दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या माणसाचंही नाही. मला ते विचारावंसंही वाटलं नाही.

ते "सुवर्णा" कुठून आलं ते तूच मला सांगितलं होतंस. लग्न होऊन अमरावतीच्या मिशन कंपाउंडातून तू अकोल्याला आलीस. नवीन रेशनकार्ड निघालं त्यावर सुवार्ताचं सुवर्णा झालं होतं. तू कचेरीत गेलीस. बाबू म्हणाला, होऊन जाईल बाई, पण चायपानी लागेल. तुमच्या कंपाउंडात चहापाणी म्हणजे चहापाणीच होतं. तुला वाटलं, बिचाऱ्याला सकाळपासून कोणी विचारलं नसेल. तू घरी गेलीस, आलं ठेचून चहा केलास, लग्नात आलेल्या निळ्या थर्मासमध्ये भरलास, पाण्याचा तांब्या घेतलास, आणि भर उन्हात परत गेलीस. टेबलावर कप मांडलास. सगळी कचेरी हसली. बाबूचं तोंड लाल झालं. "बाई, थट्टा करता काय माही?"

"मी रस्ताभर रडत आली," तू सांगायचीस. "घरी तुह्या काकानं समजावून सांगतलं, तवा लाजली. मंग मले हासू आलं. मंग मी म्हटलं, हे तर देवानंच शिकवलं. माह्या डोक्यानं मले हे सुचलं असतं काय?"

कार्डावरचं नाव सुवर्णाच राहिलं. पण त्या दिवसापासून तो निळा थर्मास तुझ्यासोबत सगळीकडे गेला. नळाच्या कनेक्शनला गेला, विजेच्या मीटरला गेला, घरपट्टीच्या टेबलावर गेला. कोणी चहापाणी म्हणालं की तू झाकण उघडायचीस. आणि तुझं म्हणणं होतं की त्यात टोमणा नाही. मी एकदा म्हणालो, "मावशी, एवढं दूध कशाला घालतेस त्यायच्यासाठी? काळाच ने." तू माझ्यावर भडकलीस. "पानचट चहा नेला तर तो टोमणा होते. चांगला नेला तर पाहुणचार. तो मागून राहिला म्हणजे त्याले काहीतरी कमी हाय. त्याले उपाशी धाडाचं नाही. पण जे तोंडानं मागतलं तेच द्याचं."

कधी काम व्हायचं, कधी नाही. बहुतेक वेळा नाही. हे मासिक वाचणाऱ्यांना वाटू नये की थर्मास उघडला की मोहोर उठायची. आपल्या घरी नळ आला तो सगळ्या गल्लीच्या मागून आला. तोवर पाणी वहिनीच्या गाडीवरच्या कॅनमधून यायचं, आणि वहिनी रोज म्हणायची, "तुमच्या येशूले म्हणा, एक दिवस बादली धरून पाहा." तू म्हणायचीस, "त्यानं विहिरीवर पाणी मागतलं होतं एका बाईले. त्याले समजते." वहिनीला ती गोष्ट माहीत नव्हती. तू सांगितलीस. तिनं भेंडी निवडता निवडता ऐकली आणि म्हणाली, "मंग दिलं काय तिनं पाणी?" तू म्हणालीस, "बोलतच बसली ते." वहिनी म्हणाली, "बायकाच आमी."

मी आधी भाजीची पोती उचलायला होतो. तुझ्याकडे शाळांच्या युनिफॉर्मचं काम असायचं, काज-बटण आणि तुरपाईला माणूस हवा होता. तू मला बसवलंस आणि राहायलाही ठेवून घेतलंस. माझे हात थरथरायचे, सुई बोटात जायची. मला वाटायचं, आज हाकलेल, उद्या हाकलेल. तू कधी हाकललं नाहीस. चुकलेली शिलाई उसवून परत माझ्या मांडीवर टाकायचीस, एवढंच. आज परदेशात माझं पोट ज्या हातांवर चालतं, ते हात तू स्थिर केलेस.

शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हेही तुझ्याकडेच कळलं. बाकीचे शिंपी कापड वाचवायचे आणि माया अगदी बोटभर ठेवायचे. तू रुंद ठेवायचीस. पोरगी वाढली की आई फ्रॉक घेऊन यायची, तू उसवून सैल करून द्यायचीस, अजून एक वर्ष निघायचं. कापडवाला म्हणायचा, "बाई, तुमच्या मायेनं आमचा धंदा बसला." त्याच कापडवाल्याकडे बसून लोक बोलायचे की अमुक साहेबानं लय माया जमवली, तमुक साहेबाचे तीन बंगले झाले. तू मान खाली घालून मशीन चालवत म्हणायचीस, "आपण पण जमवूनच राहिलो ना बाप्पा. शिलाईच्या आतून."

मग एका शाळेचं काम गेलं. तिथला जो माणूस कमिशन मागायला आला तो मंडळीतला होता, तुझ्याशेजारी बाकावर बसून गीतं म्हणणारा. बाकी कोणी मागितलं की तुझा चेहरा हलायचा नाही. त्या दिवशी तू थर्मासला हात लावला नाहीस. तो गेल्यावर तू मशीनवर परत बसलीस. मी विचारलं, "त्याला चहा काहून नाही दिला?"

"बाहेरच्याले चहा पाजता येते, गजू," तू म्हणालीस. "घरच्याले काय पाजू?"

पुढच्या रविवारी तू त्याच बाकावर, त्याच्याच शेजारी जाऊन बसलीस. मला ते अजून जमणार नाही.

आता माझ्या पासपोर्टचं. हे लिहिल्याशिवाय तुझं-माझं पूर्ण होत नाही, कारण आपलं भांडण तिथलं आहे आणि ते मिटलं नाही.

मस्कतच्या शिंपीकामाची जागा एजंटानं धरून ठेवली होती. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. घर म्हणजे तुझंच, माझा पत्ता तोच होता. तरणा पोरगा, घामानं भिजलेला. त्यानं दोन प्रश्न विचारले, कागदावर काही खरडलं आणि उठता उठता म्हणाला, "बाकी सगळं ठीक हाय, मावशी. आता आमच्या चायपान्याचं पाहा."

"झालंच तर," तू म्हणालीस. मी दारामागे उभा होतो. तू थर्मास उघडून कप भरलास आणि त्याच्यापुढे ठेवलास.

त्यानं कपाकडे पाहिलं. "तुमाले समजलं नाही, मावशी."

"समजलं, बाप्पा. बस. आल्याचा हाय."

तो बसला. दोन कप प्यायला. वर त्यानं तुला सगळं सांगितलं, की या नोकरीसाठी त्यालाही कुठेतरी द्यावं लागलं, बापानं वावर विकलं, आता ते कुठून तरी भरून निघालं पाहिजे ना. तू ऐकून घेतलंस. त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, ते अंगावरच टाचून दिलंस. तो "येतो" म्हणून गेला. आणि माझा अहवाल काही गेला नाही. महिने गेले. एजंटानं जागा दुसऱ्याला दिली.

त्या दिवशी मी तुला बोललो. मी सहसा कोणाला बोलत नाही, मला भीती वाटते. पण बोललो. "तुह्या देवाले माहाच पासपोर्ट भेटला काय? तुले खरं वागाचं हाय तर वाग. त्यापायी मी काहून अडकाचं?"

तू कप विसळत होतीस. विसळतच राहिलीस. मग म्हणालीस, "तुहा हात मी धरला नव्हता. तुले द्याचं असन तर अजून जा, त्याले रस्त्यात गाठ. माह्या घरात नको."

मी रस्त्यात गेलो नाही, आणि तुझ्या घरातही राहिलो नाही. बॅग घेऊन गावी गेलो. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला, वांगी आणि झेंडूचं. मी तिथे फुलं तोडत बसलो आणि रोज मनात तुझ्याशी भांडत बसलो.

एका सकाळी एसटी थांबली आणि तू उतरलीस. हातात निळा थर्मास. माझ्या आईला तुझ्याबद्दल एकच काळजी होती, ती तिनं नमस्काराच्याही आधी बोलून टाकली.

"तुमी किरिस्तान न? माह्या पोराले बाटवून तर नाही राहिल्या?"

तू बांधावर बसलीस, घाम पुसलास. "बाई, तुमच्या पोराले अजून कॉलर नीट बसवता येत नाही. आधी ते येऊ द्या, मंग बाटवाचं पाहू."

आई हसली नाही. पण तिनं पाणी दिलं. मग तू थर्मास उघडलास आणि आईला चहा दिलास. आई म्हणाली, "आमच्या घरी येऊन तुमीच चहा पाजता काय?" तू म्हणालीस, "माही सवयच बिघडली हाय." मग दोघी किती वेळ बोलत होत्या कोण जाणे, मी लांब झेंडूच्या ओळीत होतो. जाताना आईनं तुझी पिशवी वांग्यांनी भरली आणि मला म्हणाली, "जा बाईसोबत. ते बाई तुह्यावर रागावली नाही, अन् तू फुगून बसला. शरम नाही वाटत?"

बसमध्ये मी परत विचारलं. सरळ विचारलं. "मावशी, तुह्या विश्वासापायी मी काहून थांबाचं?"

तू खिडकीतून बाहेर पाहत होतीस. मला वाटलं आता काहीतरी शास्त्रातलं सांगशील. तू म्हणालीस, "मले नाही माहीत, गजू. हे मी देवालेई विचारतो. त्यानं अजून सांगतलं नाही."

मला अजून कोणी सांगितलं नाही, मावशी. आता तुला सांगितलं असेल. पण त्या "माहीत नाही"साठी मी तुझ्याकडे परत राहिलो. उत्तर असतं तर कदाचित राहिलो नसतो.

त्यानंतर तू जे केलंस ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. दर आठवड्याला ठाण्यावर जायचीस, बाकावर बसायचीस. तक्रार नाही, आवाज नाही. कोणी विचारलं तर "गजाननच्या कागदासाठी आली" एवढंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा. तक्रार द्यायला आलेल्या बायांना चहा, पकडून आणलेल्या पोरांना चहा, हवालदाराला चहा. मी बाहेर सायकलजवळ उभा राहायचो, आत यायची माझी छाती नव्हती. शेवटी एका दिवशी आतून मोठ्या साहेबाचा आवाज आला: "त्या मावशीचं काम करून टाका रे. नाही तर आपण रिटायर होईपर्यंत चहा पाजन ते."

पासपोर्ट आला. उशिरा आला, पण तो हातात घेतला तेव्हा मला कशाचीच भीती वाटली नाही. माझ्या आयुष्यात अशा वस्तू फार नाहीत.

एजंटानं मस्कतलाच दुसरी जागा पाहिली. निघायच्या दिवशी अकोल्याच्या स्टेशनवर मी विचारलं, तिकडे कोणी चहापाणी मागितलं तर? तू म्हणालीस, "तर चहा कर. साखर बेतानं घालजो. लोकायले शुगर रायते."

आणि फोनवरचं एक बोलणं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी सहज विचारलं होतं, मावशी, तुला कधीच द्यावंसं वाटलं नाही का.   मग तू काकांच्या शेवटच्या आजाराचं सांगितलंस. दवाखान्यात खाट रिकामी होती आणि वॉर्डातला माणूस म्हणाला, चहापाण्याचं पाहा. तुझ्या रुमालात पैसे बांधलेले होते. गाठ सुटलेली होती. तू दिले नाहीत. ती रात्र काका व्हरांड्यात राहिले. खाट दुसऱ्या दिवशी मिळाली.

"त्या रातीनं ते गेले असं नाही," तू म्हणालीस. "मंग बरेच दिवस होते. पण मले अजून वाटते, त्यायले गार लागलं असन."

"मग काहून नाही दिले, मावशी?"

"भेव वाटलं. देवाचं नाही. माहंच. एकदा दिले अन् काम झालं, तर मी मंग थांबली नसती. मी काही चांगली बाई नाही, गजू. मले सवय लागते."

तुझ्याबद्दल सगळे म्हणतात, बाई फार खरी होती, तिला ते सोपं होतं. मंडळीत म्हणतात, गल्लीत म्हणतात. म्हणून हे लिहिलं. तुला ते एक दिवसही सोपं नव्हतं. देव रोज समोर उभा आहे असंही तुला वाटायचं नाही, तेही तू मला सांगितलं होतंस. तरी तू रोज थर्मास भरायचीस. मी देवळात जाणारा माणूस, गजाननबाबांच्या फोटोला हात जोडून सुई धरतो. तू मला कधी चर्चमध्ये चल म्हणाली नाहीस. पण विश्वास ठेवणं म्हणजे काय असतं ते मी जिथे पाहिलं, ते तुझ्या स्वयंपाकघरात, आलं ठेचताना.

तर मी दुकानात उभा होतो आणि फोनवर अंगठा होता. पलीकडे पाळकसाहेब वाट पाहत होते. गाडीवाल्याचा हॉर्न ऐकू येत होता. तू आत शवागारात लादीवर होतीस. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. उशीर झाला तर तुला अजून एक रात्र तिथे राहावं लागणार, आणि ते माझ्यामुळे. काका व्हरांड्यात राहिले ते मला आठवलं. तुला ते आयुष्यभर लागून राहिलं होतं, हेही आठवलं. तसंच मलाही लागून राहील, हे मला कळत होतं.

मी म्हणालो, "वहिनीला फोन द्या."

वहिनी आली. मी विचारलं, "थर्मास कुठे आहे?"

"काहून?"

"मावशीच्या घराची चावी तुझ्याकडंच हाय ना?"

 वहिनी म्हणाली, "गजू, तू येडा झाला काय? इथं मानूस लादीवर हाय अन् मी चहा ठेवू?"

"ठेव."

"अन् नाही मानला तर?"

"तर मले माहीत नाही, वहिनी."

ती शिव्या देत गेली. मला ऐकू येत होत्या, तिनं फोन कापला नव्हता. तुला, मला, येशूला, बाबूला, कोणालाच सोडलं नाही. पण गेली. रिक्षा करून जठारपेठेत गेली, चहा ठेवला, परत आली. मी तोवर झग्याचा तो गळा तीनदा मापला आणि कापला नाही.

पुढचं वहिनीनं सांगितलं तसं लिहितो. तिनं टेबलावर कप ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, आणि तू म्हणायचीस तसं म्हणायचा प्रयत्न केला. पण तिला रडू फुटलं आणि नुसतं "तुमी मागतलं ना" एवढंच बोलता आलं. बाबूनं कपाला हात लावला नाही. "हे काय नाटक हाय?" म्हणाला. चहा निवला, वर साय धरली.  पाळकसाहेब, गाडीवाला, वहिनी, सगळे तसेच उभे. मग आतल्या खोलीतला माणूस, जो तुला आत-बाहेर करत होता, तो हात पुसत बाहेर आला. "हे कोणाचं?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "घ्या." त्यानं थंड झालेला तो कप उचलला आणि उभ्या उभ्या प्यायला. मग नळावर जाऊन कप विसळला आणि वहिनीच्या हातात दिला.

बाबू हे पाहत होता. बराच वेळ त्यानं कागद उलटसुलट केले. मग वर न पाहता विचारलं, "नेमकं नाव काय लिवू? सुवर्णा का काय ते?"

"सुवार्ता," पाळकसाहेब म्हणाले.

"म्हणजे काय?"

उत्तर वहिनीनं दिलं. "चांगली खबर."

त्यानं लिहिलं. त्याला चहाची लाज वाटली, की आमचा कंटाळा आला, की सुट्टीची वेळ झाली होती, मला माहीत नाही. चहानं काम केलं असं मी म्हणणार नाही. तूही म्हणाली नसतीस. पण तुझं नाव लग्नानंतर पहिल्यांदा सरकारी कागदावर बरोबर लागलं, मावशी, आणि त्याला चहाशिवाय काही लागलं नाही.

अमरावतीला पोचायला उशीर झालाच. गाडी पोचली तेव्हा दिवस अगदी कडेला आला होता. गीत झालं, प्रार्थना झाली, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. वहिनीनं माझ्या नावाची एक टाकली. तिला तुमच्या रीती माहीत नाहीत, म्हणून तिनं झेंडूची फुलंही टाकली. आमच्या आईनं बसनं पाठवली होती. कोणी अडवलं नाही.

वहिनीनं मला अमरावतीहून फोन केला. आवाज बसला होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, थर्मासात अजून चहा होता. परत नेणं बरं वाटेना. कबर खोदणारे दोघं बाजूला फावडी टेकून उभे होते, त्यांना ओतून दिला.

त्यांनी मागितला नव्हता.